मूळव्याध नव्हे, गळू: एका अवघड दुखण्याची पार्श्वभूमी

ठाणे स्टेशनला सॅटिसच्या पुलावरून खाली उतरा नाहीतर ट्रान्स हार्बर लोकलच्या डब्यात दाराशी उभे राहा, 'मूळव्याध, भगंदर, फिशर' अशी एका दमात लिहिलेली जाहिरात कुठेतरी दिसतेच. घणसोलीला कामाला जाताना मी ती कित्येक वर्षं वाचलीय आणि मनातल्या मनात हसलोय. मग स्वतःवर वेळ आली तेव्हा लक्षात आलं की या तीन नावांत गळू कुठेच नाहीये, आणि खरी भानगड तर तिथूनच सुरू होते.

शौचाच्या जागेशेजारी गाठ, हात लावला की गरम, ठणका असा की खुर्चीत एकाच बाजूवर बसायचं, खोकलं तरी कळ, रात्री ताप. आपण म्हणतो मूळव्याध झाली. मी पण तेच म्हणालो, डॉक्टरांना जागा दाखवलीच नाही लाजेने, फक्त मलम लिहून घेतलं, त्यात आठवडा गेला, आणि होतं ते गळू. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, माझ्याकडे तर जावई पण नव्हता, नुसती लाजच होती.

गंमत म्हणजे आपल्याकडे गळवाच्या या स्टेजला वेगळं नाव होतं. सुश्रुतसंहितेत स्पष्ट लिहिलंय की पिकलेली नसते तोवर ती पिडका, आणि पिकून फुटली की भगंदर, म्हणजे आतून बाहेरपर्यंत पडलेली, वाहत राहणारी वाट. म्हणजे गळू आधी, भगंदर नंतर, एकाच दुखण्याचे दोन टप्पे, हे तेव्हाच कळलं होतं. प्रकार पण पाच सांगितलेत, त्यातला शतपोनक म्हणजे चाळणीसारखी भोकं पडलेला, उष्ट्रग्रीव म्हणजे उंटाच्या मानेसारखा वर आलेला, नावं ऐकूनच कळतं की लिहिणाऱ्याने नीट बघून लिहिलंय. पिकलेल्याला गरम पाण्यात बसवून शेकायचं, मग सळई घालून वाट शोधायची आणि शस्त्राने कापायचं. ते गरम पाण्यात बसणं म्हणजे अवगाह, आज सर्जन टब बाथ घ्या म्हणतात त्याचाच आजोबा.

तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिस या वैद्याच्या नावावरच्या ग्रंथांत भगंदरावर एक वेगळं प्रकरणच आहे, साधारण २४०० वर्षांपूर्वीचं. घोडेस्वारीने आणि वल्ही मारल्याने हे होतं असा त्यांचा समज होता (आपण आज बाईकला आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांना दोष देतो, तसंच थोडंफार). कारण चुकलं असेल पण उपाय बघा, गाठ दिसली की पिकायची आणि आत फुटायची वाट न बघता कच्ची असतानाच कापा. आणि आपल्या घरी काय सांगतात, पिकू दे, पोटीस लाव, आपोआप फुटेल. फुटतं पण, बरं पण वाटतं दोन दिवस, आणि मग तिथून पाणी यायला लागतं ते थांबतच नाही.

फ्रान्सचा चौदावा लुई एवढा मोठा राजा, त्याला पण १६८६ मध्ये हेच झालं, सूज, पू आणि मग भगंदर. महिनोन्महिने पोटीस आणि मलमं झाली, शेवटी १८ नोव्हेंबरला चार्ल्स फ्रान्स्वा फेलिक्स नावाच्या सर्जनने व्हर्सायमध्ये कापलं, भूल नव्हतीच त्या काळात, आणि फेलिक्सने आधी गोरगरीब पेशंटवर हात साफ करून घेतला होता. राजाचं दुखणं मात्र लपून राहिलं नाही, सगळ्या दरबाराला माहीत झालं, त्यामुळे या दुखण्याची आणि सर्जन लोकांची दोघांचीही पत वाढली म्हणतात. लंडनमध्ये १८३५ साली फ्रेडरिक सॅल्मनने फक्त याच जागेच्या आजारांसाठी सात खाटांचा दवाखाना काढला, तोच पुढे सेंट मार्क्स हॉस्पिटल झाला. १८४१ मध्ये याच सॅल्मनने कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचं भगंदर कापलं, तेही भूल न देता, कारण ईथरने भूल देण्याचं जाहीर प्रात्यक्षिक व्हायला अजून पाच वर्षं होती.

गळू का होतं, याचं उत्तर मात्र फार उशिरा मिळालं. गुदमार्गाच्या आत बारीक ग्रंथी असतात हे १८८० च्या आसपास दिसलं होतं, पण त्यातली एखादी तुंबते, तिथे पू होतो आणि तो बाहेरची वाट शोधतो, हे सेंट मार्क्सच्याच अ‍ॅलन पार्क्सने १९६१ मध्ये नीट मांडलं. म्हणजे बहुतेक वेळा दोष ना तिखटाचा ना बाईकच्या सीटचा. आणि म्हणूनच नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, पू साठलेला असतो तो काढावाच लागतो. चीर दिल्यावरही साधारण तिघांतल्या एकाला तरी पुढे भगंदर होतं, कारण आतलं तोंड उघडं राहिलेलं असतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर परत पाणी यायला लागल्यावर ऑपरेशन फसलं म्हणून मी चिडलो नसतो.

इथे परत आपली गोष्ट येते. क्षारसूत्र, म्हणजे निवडुंगाचा चीक, हळद आणि क्षाराचे थर दिलेला दोरा. चीक आणि हळदीचा असा दोरा चक्रदत्त या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात सापडतो आणि मग जवळजवळ विसरला जातो. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी तो परत वापरात आणला. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, वेगवेगळ्या केंद्रांत ट्रायल घेऊन १९९१ मध्ये निकाल छापले, वर्षभरात भगंदर परत होण्याचं प्रमाण दोऱ्याने ४ टक्के आणि ऑपरेशनने ११ टक्के, पण भरून यायला दोऱ्याला आठ आठवडे आणि ऑपरेशनला चार. दर आठवड्याला दोरा बदलायला जायचं, नोकरीवाल्याने सुट्टी कशी काढायची हे ट्रायलमध्ये कोणी विचारत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, हा दोरा भगंदरासाठी आहे, ताज्या गळवासाठी नाही, जाहिरातीत दोन्हीची खिचडी करतात.

आणि शुगर असेल, ताप चढत असेल, लाली पसरत असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे जा, उद्यावर ढकलू नका. डायबिटीसवाल्यात हे इन्फेक्शन आतल्या आत फार वेगाने पसरू शकतं.

चीर दिल्यावर माझ्या जखमेत रोज पट्टी भरायचे, आठवडाभर, आणि खरं सांगतो गळवापेक्षा ते जास्त दुखायचं. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या ट्रायलचे निकाल आले, त्यात पट्टी न भरलेल्या लोकांना कमी दुखलं आणि पुढे भगंदर व्हायचं प्रमाण काही वाढलं नाही. माझं त्याआधीच उरकलं होतं. तेव्हा सकाळी कळव्याला ड्रेसिंग, मग ठाण्याहून घणसोलीपर्यंत उभ्याने लोकल, आणि 'बसा की, जागा आहे' म्हणणाऱ्याला रोज नवीन कारण.