रकाना एक, नावं चार

बेळगावजवळ येळ्ळूर रस्त्याच्या कडेला मोबाईलवर जीपीएस चालू करून थांबलं, की पाच-दहा मिनिटांत कुणीतरी बांधावरून विचारतंच, "बायपासवाले काय ओ तुम्ही?" हलगा-मच्छे बायपासचं भूसंपादन सुरू झाल्यापासून इथल्या शेतकऱ्याला मोजमाप करणारा माणूस दिसला की आधी संशय येतो, आणि तो यायलाच हवा. मग सांगायचं, हा नकाशा सरकारचा नाही, कंपनीचाही नाही. ओपनस्ट्रीटमॅप म्हणतात त्याला. कुणीही काढावा, कुणीही दुरुस्त करावा. तेवढ्यावर त्याचं समाधान होतं, पण पुढचा प्रश्न आपल्याला गप्प करतो: "मग त्यात आमच्या गावाचं नाव कसलं घालतासा?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडं इंग्लंडात जावं लागतं आणि मग परत इथं यावं लागतं.

ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी संस्था नकाशे करायची, पण ती माहिती वापरायची तर परवाना घ्यावा लागे, पैसे मोजावे लागत. त्याला पर्याय म्हणून स्टीव्ह कोस्ट या तरुणानं २००४ साली ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं. त्याची रचना मुद्दामच सैल ठेवलेली. नकाशात बिंदू असतात, बिंदू जोडून रेघा होतात, दोन्हींचे गट होतात. आणि ही वस्तू नेमकी काय ते सांगायला शब्दांची जोडी असते, तिला टॅग म्हणायचं. डावीकडं गुणाचं नाव, उजवीकडं त्याची नोंद: 'हायवे=रेसिडेन्शियल', 'अमेनिटी=फार्मसी'. प्रत्येक बाजू २५५ अक्षरांत बसली म्हणजे झालं. कुठले शब्द चालतील याची यादी यंत्रात नाही. उद्या मी 'चहा=कटिंग' असा टॅग लावला तरी सर्व्हर तो निमूट ठेवून घेईल.

आधी यादी पक्की करायची म्हटलं असतं तर नकाशा कधी सुरूच झाला नसता, हे खरं. पण मग एकमत कसं व्हायचं? ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीवर, म्हणजे कुणीही लिहावं अशा पानांवर, प्रस्ताव मांडायचा, चर्चा करायची, मत टाकायचं अशी पद्धत पडली. तिला सक्तीचं बळ नाही. २००८ साली पायवाटांसाठी 'पाथ' हा टॅग मतदानानं मंजूर झाला. आधीपासून 'फुटवे' होताच. कुठली वाट 'पाथ' आणि कुठली 'फुटवे', हा घोळ अजून मिटलेला नाही. खरा निकाल लागतो तो दुसरीकडंच. नकाशा सुधारायची जी साधनं आहेत, जुनं जोसम आणि २०१३ पासूनचं ब्राउझरमधलं आयडी, त्यांच्या तयार यादीत जो पर्याय समोर येतो तोच नवा माणूस निवडतो. मत टाकणाऱ्यांपेक्षा ती यादी करणाऱ्यांचा हात मोठा, असं माझं मत.

शब्द ब्रिटिश, तेव्हा त्यांच्यामागची समजही ब्रिटिश. रस्त्यांची उतरंड बघा: मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी, आणि खाली 'अनक्लासिफाइड'. इंग्लंडात 'अनक्लासिफाइड' म्हणजे क्रमांक नसलेला गावरस्ता, एक ठरलेली पायरी. आपल्याकडं नवखा माणूस त्याचा अर्थ 'अजून ठरलं नाही' असा लावतो आणि कशालाही तो टॅग ठोकून देतो. भारतात पुढं असा संकेत रुळला की राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक आणि राज्य महामार्ग म्हणजे प्रायमरी. आपल्या देशाच्या या नकाशात मुख्य रस्त्यांच्या पहिल्या रेघांपैकी बऱ्याच २००७ साली एएनडी या डच कंपनीनं देऊन टाकलेल्या माहितीतून आल्या. २०१० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या बिंगची हवाई छायाचित्रं वापरायला परवानगी मिळाली, तेव्हा कुठं घरी बसून गल्ल्या-बोळ काढता येऊ लागले. त्याच वर्षी महामार्गांचे क्रमांकही बदलले. पुणे-बेळगाव-बेंगळुरू रस्ता चारचा अठ्ठेचाळीस झाला आणि पणजीकडं जाणारा 'चार ए' आता ७४८. नवा आकडा 'रेफ' या क्रमांकाच्या टॅगमध्ये, जुना 'ओल्ड_रेफ'मध्ये, भांडण नाही. लोक मात्र अजून 'एनएच फोर'च म्हणतात.

नावांचं इतकं सोपं नाही.

नावासाठी मुख्य टॅग, म्हणजे रकाना, 'नेम'. त्याच्या जोडीला भाषेचे रकाने: 'नेम:एमआर' मराठीचा, 'नेम:केएन' कन्नडचा. शिवाय 'ओल्ड_नेम' जुन्या नावाचा, 'ऑल्ट_नेम' पर्यायी नावाचा, 'ऑफिशियल_नेम' सरकारी नावाचा. म्हणजे जागा भरपूर. पण नेहमीच्या नकाशावर अक्षरं उमटतात ती फक्त 'नेम'मधली, त्यामुळं जगभर ओढाताण होते ती त्या एका रकान्यासाठी. सायप्रसमध्ये ग्रीक की तुर्की यावरून सुरुवातीच्याच काळात जुंपली. त्यातून आणि तसल्या इतर वादांतून एक नियम घट्ट झाला: जमिनीवर जे दिसतं ते लिहा. पाटीवर जे नाव आहे, तिथले लोक जे वापरतात, ते. कायद्यानं काय असायला हवं यात नकाशानं पडू नये. वादग्रस्त भागांबद्दलचं ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनचं २०१३ चं टिपणही हेच सांगतं.

आता हा नियम बेळगावात आणा.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावं, बेळगाव शहर मात्र तिथंच राहावं, अशी शिफारस होती. महाराष्ट्रानं ती नाकारली. पुढं २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. योगायोग असा की ओपनस्ट्रीटमॅपचा जन्मही त्याच वर्षीचा.

जिथं कित्येक दशकं पाटी हाच झगड्याचा विषय आहे, तिथं 'पाटी बघून लिहा' हा नियम कसा चालवायचा? जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक प्रशासनानं काढला आणि त्यावरून गावात काय घडलं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. त्या आठवड्यात जमिनीवर नेमकं काय 'दिसत' होतं? सोमवारी एक, मंगळवारी दुसरं. अलीकडं कर्नाटकाच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनं दुकानांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं. म्हणजे पाटी लोकांच्या वापराचा पुरावा राहिली नाही, ती कायद्याची अंमलबजावणी झाली. नियम करणाऱ्यांनी पाटी आणि वापर एकच धरले होते. सीमाभागात ते दोन आहेत.

त्याच २०१४ च्या १ नोव्हेंबरला कर्नाटकानं बारा शहरांची नावं बदलली. बारकाईनं बघितलं तर कन्नडमध्ये काहीच बदललं नाही, तिथं 'बेळगावी' आधीपासूनच होतं. मराठीतही 'बेळगाव'च राहिलं. बदललं ते इंग्रजी स्पेलिंग, 'बेलगॉम'चं 'बेळगावी'. पण भारतात 'नेम'च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी रोमन लिपीतलं इंग्रजी रूपच भरायचा प्रघात पडला होता. त्यामुळं दोन भाषांच्या मध्ये तटस्थ म्हणून ठेवलेला रकाना एका राजपत्रानं एका बाजूला झुकला. जुनं रूप 'ओल्ड_नेम'मध्ये गेलं. हिंदीवाले अजून 'बेलगाम' लिहितात, म्हणजे लगाम नसलेलं गाव, ते चौथं.

आणि आपल्या स्वतःच्या रकान्यात तरी एकवाक्यता कुठं आहे? मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला, 'गांव'चा 'गाव' झाला. पण जुन्या संस्थांच्या कमानींवर 'बेळगांव' टिंबासकट आहे आणि तेही जमिनीवर 'दिसतं'. त्यात रेल्वे स्थानकाची पाटी: कन्नड, हिंदी, इंग्रजी. नवा माणूस देवनागरी बघतो, मराठीच समजतो, आणि हिंदी रूप 'नेम:एमआर'मध्ये टाकून मोकळा होतो. मग येळ्ळूरचं 'येल्लूर' होतं आणि 'ळ' घालून शोधणाऱ्याला गावच सापडत नाही.

मला सगळ्यात जास्त छळलं ते कंग्राळीनं. गावं दोन, बुद्रुक आणि खुर्द. मोठं आणि धाकटं. सरकारी कागदावर इंग्रजीत त्यांची 'बीके' आणि 'केएच' ही आद्याक्षरं आली. कन्नड पाटीवर ती इंग्रजी अक्षरंच कन्नड लिपीत उतरली. आणि आता आमच्यातलीच पोरं सर्रास म्हणतात, "कंग्राळी बीकेला हाय मी, ये." ओपनस्ट्रीटमॅपचा संकेत सांगतो की संक्षेप लिहू नका, पूर्ण शब्द लिहा. त्या हिशेबानं 'कंग्राळी बुद्रुक'. पण लोक जे वापरतात ते लिहा हाही संकेतच, आणि लोक 'बीके' म्हणतात. मी पूर्ण रूप 'नेम:एमआर'मध्ये भरलं आणि 'बीके' 'ऑल्ट_नेम'मध्ये. सुळग्याचंही तसंच, एक हिंडलग्याजवळचं, एक येळ्ळूरजवळचं, कागदावर कंसात एकेक अक्षर. तिथं कंस सोडवून पूर्ण गाव लिहिलं, म्हणजे पत्ता शोधणारा पोस्टमनच्या भरवशावर राहत नाही.

ब्रसेल्समध्ये यावर एक तोड निघाली आहे: तिथं 'नेम'मध्येच फ्रेंच आणि डच दोन्ही नावं, मध्ये आडवी रेघ. आपल्याकडं हे सुचवलं की पहिला प्रश्न येतो, रेघेच्या आधी कोण? तिथं दोन्ही भाषांना शहराच्या कारभारात सारखा दर्जा आहे, म्हणून ती रेघ टिकते. इथं तो नाही, म्हणून मला ती तोड आज तरी चालेलशी वाटत नाही. त्यापेक्षा 'नेम:एमआर' नेटानं भरत राहावा. बरीच मोबाईल ॲप्स फोनची भाषा बघून तोच रकाना उचलतात, आणि तिथं कुणाशी भांडावंही लागत नाही. खानापुरातल्या जंगलपट्टीतल्या गवळीवाड्यांना तर कित्येक ठिकाणी कुठलाच रकाना भरलेला नाही, नुसती घरांची चौकटं.

हद्दीचं मात्र सरळ आहे. बाचीहून शिनोळीला जाताना मध्ये जी रेघ लागते ती 'बाउंडरी=अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह', पातळी ४, म्हणजे राज्याची; देशाची २, जिल्ह्याची ५. आज कारभार कुणाचा एवढंच ती सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं ८६५ गावांवर दावा सांगणारा ठराव केला, त्यानं ती रेघ हलली नाही आणि हलायचं कारणही नव्हतं.

बांधावरच्या त्या शेतकऱ्याला मी फोनवर रकाने दाखवले. त्यानं 'नेम:एमआर'मधलं येळ्ळूर दोन बोटांनी मोठं करून वाचलं, मग विचारलं, "उतारा कन्नडात येतोय आमचा, ते कुठं बसतंय ह्यात?" त्याचा रकाना दाखवला. "बसतंय की," म्हणाला, आणि मोटार बंद करायला विहिरीकडं गेला.