वंगण, अन्नप्रक्रियेतील

अन्नपदार्थ तयार करणाऱ्या व वेष्टनात भरणाऱ्या यंत्रांत, वंगणाचा अंश अन्नात उतरण्याचा संभव असलेल्या जागी वापरायचे तेल किंवा ग्रीस. व्यवहारात त्याला ‘फूड ग्रेड’ म्हणतात. हे नाव सैल आहे. त्यावरून वंगण खाण्याजोगे असल्याचा चुकीचा समज होतो. ‘एच१’ ही संज्ञा अधिक नेमकी.

ती अमेरिकेच्या कृषी खात्याची. मांस व कुक्कुटप्रक्रियेच्या कारखान्यांत वापरायच्या रसायनांना हे खाते पूर्वपरवानगी देई. अन्नाशी आकस्मिक संपर्क संभवतो तेथे एच१, संपर्क शक्यच नाही तेथे एच२ आणि मांस टांगायचे आकडे (हुक), ट्रॉली गंजू नयेत म्हणून लावायची तेले एच३, अशी ही विभागणी. १९९८ मध्ये खात्याने परवानग्या देणे थांबवले. पुढे एनएसएफ या संस्थेने त्याच वर्गनामांनी नोंदणी सुरू केली. नोंदणीत प्रामुख्याने घटक व लेबल तपासतात. आयएसओ २१४६९ (२००६) हे मानक वंगणाच्या निर्मितीतील स्वच्छताही पाहते, आणि ते अधिक भक्कम वाटते. शुद्ध घटक अस्वच्छ टाकीत मिसळले, तर घटकांची यादी काय कामाची?

एच१चे घटक अमेरिकी संघीय नियमावलीच्या २१व्या विभागातील १७८.३५७० या कलमाला धरून निवडतात. अन्नात उतरणारे खनिज तेल दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा अधिक नसावे, असे ते सांगते. ‘एवढी गळती चालते’ असा याचा अर्थ काही जण लावतात. तो स्वीकारणे कठीण आहे; ही कमाल मर्यादा आहे, मुभा नव्हे. एक टन पिठात १० ग्रॅम, म्हणजे चहाचे जेमतेम दोन-अडीच चमचे तेल गेले, की ती गाठली जाते. मिक्सरच्या गिअरबॉक्सचे झिजलेले सील एवढे सहज सोडते. सील बदलणे हाच त्यावर उपाय.

मूळ तेल म्हणून पांढरे खनिज तेल किंवा पॉलिअल्फाओलेफिनसारखी कृत्रिम तेले घेतात. भट्टीतल्या साखळीला कृत्रिम तेलच बरे. साधे तेल जळून काजळी धरते व तिचे काळे कण मालावर पडतात. डबे सील करणाऱ्या यंत्रात रस व पाक वंगण धुऊन नेतात.

ग्रीस बदलताना जुने पूर्ण काढावे लागते. ॲल्युमिनियम कॉम्प्लेक्स व कॅल्शियम सल्फोनेट यांसारखे भिन्न घट्टकारक बेअरिंगमध्ये एकत्र आले, तर ग्रीस पातळ होऊन सीलबाहेर ओघळू शकते.