आप्रमों

आप्रमों : फ्रान्सच्या आग्नेय भागातील सॅव्हॉय (फ्रेंच उच्चार साव्वा) या आल्प्सच्या कुशीतल्या प्रदेशात, शांबेरी शहराच्या दक्षिणेला तयार होणारी पांढरी वाइन. ग्रानिए पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या आप्रमों गावावरून हे नाव पडले. ती जाकेर नावाच्या स्थानिक पांढऱ्या द्राक्षापासून करतात. फ्रान्समध्ये वाइनच्या नावाला उगमस्थानाचे कायदेशीर बंधन असते. आपल्याकडे नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे, साधारण तसेच. ‘व्हां द साव्वा’ हे उगमनाम १९७३ मध्ये अधिकृत झाले आणि त्यातच आप्रमोंचे नाव बाटलीवर लिहिण्याची मुभा आहे. सॅव्हॉयच्या शेकडो वर्षे स्वतंत्र असलेल्या राजवटीचा मुलूख १८६० मध्ये फ्रान्सला जोडला गेला. इथली द्राक्षे, चीज आणि जेवण्याची रीत अजूनही उर्वरित फ्रान्सपेक्षा वेगळी वाटते, त्यामागे हा इतिहासही आहे.

‘डोंगरातली वाइन’ म्हटले की बर्फाच्या शिखरांना लागून असलेले मळे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात आप्रमोंचे मळे साधारण ३०० ते ५०० मीटर उंचीवर, डोंगराच्या पायाशी आहेत. त्याच्या वर द्राक्ष नीट पिकत नाही. तिथे जंगल लागते, आणि त्याहून वर उन्हाळी कुरणे. खाली वेल आणि वर गाय, अशी ही एकाच उतारावरची वाटणी आहे. आप्रमों कशाबरोबर प्यावी याचे उत्तर या वाटणीतच आहे.

मळ्यांखालची जमीन एका भीषण रात्रीतून तयार झाली. नोव्हेंबर १२४८ मध्ये, २४ तारखेच्या रात्री, १,९३३ मीटर उंचीच्या ग्रानिएचा उत्तरेकडचा प्रचंड कडा कोसळला. सेंत-आंद्रे हे गाव आणि आजूबाजूच्या वस्त्या दगडचिखलाखाली गाडल्या गेल्या. मृतांचे अंदाज एक हजारापासून पाच हजारांपर्यंत दिले जातात. दरड मीआं गावच्या देवीच्या, म्हणजे काळ्या मेरीमातेच्या, देवळाच्या दारात येऊन थांबली अशी श्रद्धा आहे, आणि हे स्थान आजही यात्रेचे आहे. चुनखडीचे धोंडे, माती आणि मधूनमधून उरलेली छोटी तळी अशा त्या विस्कटलेल्या भूमीवर पुढे वेली लावल्या गेल्या. शेजारच्या मळ्यांच्या वाइनचे नावच ‘आबीम’, म्हणजे खोल गर्ता. कडा अजून पुरता शांत झालेला नाही. २०१६ मध्येही ग्रानिएवरून मोठ्या दरडी कोसळल्या. मळ्यातून वर पाहिले की तुटल्या जागेची उभी, फिकट भिंत सरळ समोर दिसते.

जाकेर हे भरघोस पीक देणारे द्राक्ष. ते उशिरा पिकते आणि फारशी साखर साठवत नाही, त्यामुळे वाइनमधले अल्कोहोल साधारण ११ टक्क्यांच्या आसपास राहते. मोठ्या, भारदस्त वाइनची सवय असलेले काही जण तिला ‘पाणचट’ म्हणून बाजूला सारतात. हा अन्याय आहे. हलकेपणा आणि ताजी आंबट धार हेच तिचे काम, आणि ते ती चोख करते. अर्थात अतिउत्पादनाने खरोखरच बेचव झालेल्या बाटल्याही बाजारात असतात. चांगला उत्पादक निवडणे हाच त्यावरचा उपाय.

आस्वाद. ग्लासात ओतल्यावर रंग अगदी फिका पिवळा, कडेला हिरवट झाक. नीट पाहिले तर काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसतात. ही फेसाळ वाइन नव्हे. आंबवताना तयार झालेला थोडा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम राखलेला असतो आणि तो जिभेच्या टोकाला हलकेच टोचतो. वास मोठा नसतो, ग्लास नाकाजवळ न्यावाच लागतो. आधी लिंबाची साल, हिरवे सफरचंद, पांढरी फुले. मग थोड्या वेळाने दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येतो तसा कोरडा, ठिणगीचा वास. लहानपणी अंधारात गारगोट्या घासून ठिणग्या पाडलेल्या कोणालाही तो ओळखू येईल. घोट घेतल्यावर गोडी जवळजवळ नाही, आंबटपणा स्वच्छ, आणि गिळल्यावर तोंडाला पाणी सुटते. शेवटी किंचित कडसर चव राहते, मोसंबीच्या पांढऱ्या सालीसारखी.

वाढणे. ८ ते १० अंश सेल्सियस हे तिचे योग्य तापमान. घरच्या फ्रिजमध्ये साधारण ४ अंश असते. तिथून थेट ओतली तर वास पूर्ण मिटतो आणि उरते ते थंडगार आंबट पाणी. म्हणून बाटली जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर काढावी. पुण्या-मुंबईच्या एप्रिलमध्ये मात्र उलटी काळजी घ्यावी लागते: ग्लास एक तृतीयांशच भरावा आणि बाटली बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी, नाहीतर दहा मिनिटांत ती कोमट होते. ग्लास मध्यम आकाराचा, तोंडाशी थोडा निमुळता हवा. दुसऱ्या भांड्यात ओतून हवा देण्याची गरज नाही, त्याने बुडबुडेच जातील. ही वाइन साठवण्यासाठी नसते; द्राक्षे काढल्यापासून दोन-तीन वर्षांत प्यावी.

जोडी. वरच्या कुरणांवरून येणारे बोफोर हे कडक चीज आणि तोन परिसरातले मऊ रब्लोशों हे तिचे जन्माचे सोबती. रब्लोशों हे नाव दुसऱ्यांदा दूध काढण्याच्या क्रियेवरून आले आहे. मालकाला द्यायचा हिस्सा दुधाच्या मोजमापावर ठरे, तेव्हा गुराखी मोजणीच्या वेळी धार अर्धवट सोडत आणि मोजणारा गेल्यावर उरलेले दाट दूध काढून त्याचे चीज करत. अशा स्निग्ध चीजनंतर जीभ जड होते. आप्रमोंचा एक घोट ती धुऊन काढतो.

हे नाते फॉन्ड्यूमध्ये, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खायच्या पदार्थात, सर्वांत स्पष्ट दिसते. जाड बुडाच्या भांड्याला लसूण चोळतात, त्यात वाइन तापवतात आणि किसलेले चीज थोडे थोडे घालत ढवळत राहतात. माणशी साधारण २०० ग्रॅम चीज धरतात. वाइन इथे केवळ चवीसाठी नसते. चीज नुसते तापवले तर त्यातली प्रथिने गोळा होऊन रबरासारखी ताणतात आणि तूप वेगळे सुटते. वाइनमधले टार्टारिक आम्ल चीजमधल्या कॅल्शियमला धरून ठेवते, प्रथिनांची पकड सैल होते आणि मिश्रण गुळगुळीत राहते. म्हणून आंबट वाइनच लागते, आणि जी भांड्यात तीच ग्लासात. भांड्याच्या तळाशी शेवटी खरपूस पापुद्रा धरतो; आपल्याकडे खरवडीसाठी जशी ओढाताण होते तशीच त्यासाठी होते.

फॉन्ड्यूबरोबर थंड पाणी पिऊ नये, वाइन किंवा गरम चहा घ्यावा, त्याने पचन होते, अशी तिकडची ठाम समजूत. झुरिचमध्ये २० निरोगी स्वयंसेवकांवर केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या चहापेक्षा वाइनबरोबर खाल्लेले फॉन्ड्यू पोटातून उशिरा पुढे सरकते असे त्यात आढळले. म्हणजे वाइनची साथ चवीसाठी घ्यावी, पचनासाठी नव्हे.

चीजइतकीच सुंदर, पण कमी माहीत असलेली जोडी गोड्या पाण्यातल्या माशांची: बूर्जे तलावातला लावारे, लेमां तलावातला फेरा, किंवा लोण्यात परतलेले पर्चचे तुकडे, वर लिंबू. मसाला नाही, म्हणून वाइनची नाजूक चव टिकते. याच कारणाने आपल्या तिखट कालवणाबरोबर ती घेऊ नये. मिरचीपुढे तिचा वास हरवतो आणि आंबटपणा बोचू लागतो. मीठ-हळद-लिंबू लावून रव्यात तळलेली मांदेली मात्र तिच्याबरोबर छान लागतात.

सॅव्हॉयमधल्याच आल्तेस द्राक्षाची ‘रुसेत’ किंवा रुसान द्राक्षाची ‘शिन्यां-बेर्जरों’ या पांढऱ्या वाइन अधिक भरीव असतात. त्या १० ते १२ अंशांवर, मलईदार कोंबडीबरोबर किंवा जुन्या बोफोरबरोबर घ्याव्यात. आप्रमोंची बाटली मात्र एकदा उघडली की दोन दिवसांत निस्तेज होते. उरलेली वाइन सॅव्हॉयमधली घरे वाया घालवत नाहीत. कांदा परतून त्यात ‘दियो’ नावाची डुकराच्या मांसाची सॉसेजेस ठेवतात, वर ही वाइन ओततात आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू देतात.