दंड काडीसारखे, पाठ मऊ

खानापूर तालुक्यातल्या एका घरी बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजींनी बाळ पायांवर पालथं घेतलं आणि म्हणाल्या, "दंड बगा, काडीगत हैत. पाठीला मात्र मऊ लागतंय." उभ्या आयुष्यात कितीतरी पोरं चोळलेल्या हाताचं ते निरीक्षण होतं. मला पुण्याचं संशोधन आठवलं.

पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातले त्यांचे सहकारी गरोदर बायांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवत आले. तिथली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. दंड आणि पोटाचा घेर बराच कमी. पण चिमटा लावून मोजलेली पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. बाळ बारीक, पण चरबी राखून. मग ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात फोलेट (फॉलिक आम्लाच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) भरपूर आणि बी-12 हे दुसरं जीवनसत्त्व कमी होतं, त्यांच्या मुलांत शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणाऱ्या स्थितीचं, प्रमाण सर्वांत जास्त निघालं.

असं का व्हावं? यातलं रसायनशास्त्र मला फार देखणं वाटतं. फोलेट पेशीत एक कार्बनचा गट, म्हणजे मिथाइल, पाठीवर घेऊन फिरतं. तो होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला दिला की त्याचं मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल होतं. ही देवघेव करणारं विकर बी-12 शिवाय हलत नाही. मग फोलेट ओझं घेऊन तसंच अडकून पडतं. रक्तात मुबलक दिसतं, पण डीएनएचे नवे घटक घडवायला उपयोगी पडत नाही. इकडे मेथिओनिन कमी पडलं की जनुकांवर लागणाऱ्या मिथाइलच्या खुणाही विस्कटतात, आणि कुठलं जनुक चालू, कुठलं बंद हे त्या खुणांवर बरंचसं ठरतं. शिवाय पेशीच्या मायटोकाँड्रियात मिथाइलमॅलोनिल-कोए नावाचा मधला पदार्थ पुढे सरकवणारं दुसरं एक विकरही बी-12 वरच चालतं. ते अडलं की चरबी जाळण्याचं कामही मंदावत असावं, असा तर्क आहे.

म्हणून फॉलिक आम्लाची गोळी सोडायची असं मुळीच नाही; बाळाच्या मज्जारज्जूचा दोष टाळायला ती लागतेच. पण बी-12 जोडीला हवं, आणि ते भाकरीत, डाळीत, पालेभाजीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच मिळतं. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पदार्थाच्या जाहिरातींवर भाळू नका. त्यातलं बहुतेक बी-12 माणसाच्या शरीराला चालतच नाही. आणि "कमी खा, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल" हा सल्ला आजही गावोगाव दिला जातो, तो तर सरळ घातक आहे.

आपल्या बेळगावातल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनेही काँगो, ग्वाटेमाला आणि पाकिस्तानच्या जोडीने एक प्रयोग केला. पूरक आहार काही बायांना गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने, तर काहींना बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू केला. 2019 मध्ये निकाल छापून आला: पूरक आहार मिळालेल्या दोन्ही गटांतली बाळं, तो न मिळालेल्यांच्या बाळांपेक्षा जन्मतः लांबीने जास्त भरली.

खानापूरच्या त्या घरी गोठ्यात दोन म्हशी होत्या. दूध पहाटेच डेअरीला जातं. सुनेच्या ताटात दही कधी येतं, असं विचारलं तर ती सासूकडे बघून म्हणाली, "अमावास्येला, नैवेद्याचं."