पाणी मुरवलं म्हणजे टाकी मुरली नव्हे

"पाणी तर दोन दिवस भरून ठेवलं होतं, तरी लोच मेले." सांगली-मिरजेत मासे पाळणाऱ्या नव्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता सविस्तर लिहूनच टाकतो. (लोच म्हणजे टाकीच्या तळाशी राहणारे छोटे मासे.)

पाणी मुरवणं सगळ्यांना येतं. नळाचं पाणी चोवीस तास उघडं ठेवलं, त्यात एअर पंपाची नळी सोडली, की क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरिनचे थेंब. इथे कुणी चुकत नाही.

टाकी मुरवणं, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढवणं, हे काम निराळं, आणि घोळ होतो तो इथे. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विष. नायट्रेट मात्र दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आणि ते पाण्यात नसतात, फिल्टरच्या स्पंजला आणि वाळूच्या कणांना चिकटून असतात. मित्राच्या जुन्या टाकीतलं पाणी कॅन भरभरून आणणाऱ्यांनी हे नीट वाचा. पाणी नको, त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज कापून आणा. दह्याला विरजण लागतं, तसा तो तुकडा.

रिकामी टाकी महिनाभर फिल्टर लावून चालवली तरी मुरत नाही. जिवाणूंना खायला अमोनिया हवा, तो रिकाम्या टाकीत येणार कुठून? रोज चिमूटभर खाद्य टाका आणि कुजू द्या. मग टेस्ट किटने (पाणी तपासायच्या थेंबांच्या संचाने) बघा: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसतंय. तिन्ही जुळलं की टाकी मुरली.

डोळ्यांवर विसंबू नका, अमोनियाला रंग नसतो. सांगलीतल्या विश्रामबागेत एका घरी टाकीचं पाणी इतकं नितळ होतं, की पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख आरपार वाचता येत होती. तळाशी पाच झेब्रा लोच, धाप लागल्यासारखे कल्ले हलवत पडलेले. नळीत पाणी घेऊन किटचे थेंब टाकले. पाच मिनिटांत पिवळ्याचा गडद हिरवा झाला. निम्मं पाणी लगेच बदललं, तरी सकाळपर्यंत तीन गेले.

झेब्रा लोच हा आपल्याच कृष्णा खोऱ्यातल्या घाटओढ्यांचा मासा. वाहत्या पाण्यात वाढलेला, आणि निसर्गात त्याची जात आता धोक्यात आलेली. तो असा घरात मरताना बघवत नाही.

तळातले मासे आधी जातात, कारण सगळी घाण वाळूतच साचते आणि यांचं तोंड दिवसभर त्याच वाळूत. लोचचे खवले अगदी बारीक, त्यामुळे औषधही त्याला जास्त झोंबतं. म्हणून पहिल्याच दिवशी "मूठभर मीठ आणि निळं औषध टाका" हा दुकानातला सल्ला मला अजिबात पटत नाही. त्या निळ्या औषधाने जिवाणूही मरतात. रंगीत टोकदार खडेसुद्धा नकोतच. कोरीडोरास या तळातल्या मिशाळ माशाच्या मिशा त्यावर झिजतात. बारीक, गोल वाळू घाला. आणि हे मासे घाण खाऊन जगत नाहीत, त्यांना तळाशी बसणारं खाद्य वेगळं द्यावं लागतं.

स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच बादलीत हलका पिळा, नाहीतर महिनाभर वाढवलेले जिवाणू क्लोरिनने जातात. मुरलेल्या टाकीत आधी थोडे काटक मासे सोडा. लोच त्यानंतर महिन्याभराने आणा, पण आणाल तेव्हा पाच-सहा एकत्रच. एकटा आणला तर तो दगडाखालून बाहेर येत नाही.