'शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग' असं सगळेच ग्रीक मानत होते का?

"प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ते एकमुखाने सांगत: शरीर हा तुरुंग, आत्मा अमर." हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण त्याला एक खरा आधार आहे. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात, इ.स.पूर्व ३९९ मध्ये विष घेण्याच्या दिवशी, सॉक्रेटिस आत्म्याच्या अमरत्वाची बाजू मांडतो.

पण तोच संवाद पुढे वाचावा. सॉक्रेटिसचा मित्र सिमियास तिथेच हरकत घेतो: आत्मा वाद्याच्या सुरावटीसारखा असेल, तर वाद्य मोडल्यावर सूर कुठे उरणार? केबीस या दुसऱ्या मित्राची शंका मला त्याहून खोल वाटते. विणकर अनेक वस्त्रं झिजवतो, तरी शेवटचं वस्त्र त्याच्यामागे उरतंच. आत्माही तसाच कधीतरी संपत असेल तर? गीतेतली जीर्ण वस्त्रांची उपमा आपल्या ओळखीची; इथे ती नेमकी उलट्या दिशेने जाते. सॉक्रेटिस दोघांना उत्तर देतो, पण शंका मनापासूनच्या आहेत.

प्लेटोचाच शिष्य ॲरिस्टॉटल म्हणतो, डोळा हा प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा ठरली असती. म्हणजे आत्मा हा शरीरात कोंडलेला पाहुणा नव्हे. (बुद्धीला मात्र तो अपवाद ठेवतो, आणि त्यावर अभ्यासक अजून भांडतात.) एपिक्युरसच्या मते आत्मा सूक्ष्म कणांचा, मृत्यूनंतर विखुरणारा. स्टोइक पंथाचे तत्त्ववेत्ते तर आत्म्यालाही शरीरच मानत.

पडताळायचं असेल तर चांगल्या भाषांतराच्या समासातले आकडे पाहा: 'फीडो'त ८५ ते ८८, ॲरिस्टॉटलच्या आत्म्यावरच्या ग्रंथात ४१२.