बॅटरीला पाणी लागतं, अ‍ॅसिड नव्हे

इन्व्हर्टरची बॅटरी आमच्या दुकानात आली की सोबतच्या माणसाचं वाक्य ठरलेलं असतं: "अ‍ॅसिड संपलंय, तेवढं टाकून द्या." काहींनी ते घरीच टाकलेलं असतं. बॅटरीकडे आपण पेट्रोलच्या टाकीसारखं बघतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

तुमच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला सहा टोपणं आहेत, कारण आत साधारण दोन-दोन व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. प्रत्येक सेलमध्ये एक प्लेट राखाडी, मऊ शिशाची. दुसरी तपकिरी, शिशाच्या ऑक्साइडची. आणि दोन्ही बुडालेल्या सल्फ्युरिक अ‍ॅसिड मिसळलेल्या पाण्यात. लाइट गेली की राखाडी प्लेट इलेक्ट्रॉन सोडते आणि ते वायरीतून, इन्व्हर्टरमार्गे, तपकिरी प्लेटकडे जातात. तुमचा पंखा फिरतो तो या प्रवासावर. होता होता दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. त्यातलं सल्फेट अ‍ॅसिडमधून आलेलं असतं, म्हणून आतलं अ‍ॅसिड पातळ होत जातं. लाइट आली, चार्जिंग सुरू झालं की हेच उलट फिरतं आणि प्लेटांत गेलेलं अ‍ॅसिड परत पाण्यात येतं. फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी 1859 साली अशी बॅटरी केली. मूळ रसायन अजून तेच आहे.

टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जस्त खर्ची पडतं, म्हणून तो फेकावा लागतो. फ्युएल सेलला बाहेरून हायड्रोजन देत राहावं लागतं. तुमच्या बॅटरीत वीज तयार करणारा सगळा माल आतच असतो आणि आतच राहतो. कमी होतं ते फक्त पाणी: चार्जिंगच्या शेवटी त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन टोपणाच्या भोकांतून उडून जातो. (हायड्रोजन पेट घेतो, म्हणूनच बॅटरी देवघरात, समईशेजारी ठेवू नका. हे सांगावं लागतं, कारण आम्ही ते पाहिलं आहे.)

अ‍ॅसिड टाकल्यावर चार दिवस बॅकअप सुधारल्यासारखा वाटतो, हीच खरी पंचाईत. मागच्या उन्हाळ्यात एक बॅटरी आली. आतल्या पाण्याची दाटी मोजणारा हायड्रोमीटर बुडवला तर काटा 1.300 च्याही वर. पूर्ण चार्ज झालेल्या ट्युब्युलर (इन्व्हर्टरला बहुतेक लावतात त्या) बॅटरीचा काटा साधारण 1.240 च्या आसपास हवा. मालक खूश, "बघा, फुल आहे!" पण आतल्या प्लेटांवर पांढरं सल्फेट कडक होऊन बसलेलं, ट्यूबलाइट दहा मिनिटंही टिकेना. काटा अ‍ॅसिडची दाटी सांगतो, प्लेटांची तब्येत नाही. वरून ओतलेलं अ‍ॅसिड प्लेटांमधली शिशाची जाळी खायला लागतं, आणि ते निवडून बाहेर काढता येत नाही. बॅटरी आडवी होऊन अ‍ॅसिड सांडलं असेल तरच ते भरायचं, आणि ते काम आमच्यावर सोडा.

दुसरा प्रश्न: "आरओचं चालेल ना?" नाही. आरओत क्षार कमी होतात, जात नाहीत. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. लोह असेल तर बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते, क्लोराइड असेल तर जाळी कुजते. एसीतून ठिबकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण एसीच्या जाळीवरची धूळ घेऊन येतं. डिस्टिल्ड वॉटरच घ्या. आमच्याकडे पाच लिटरचा कॅन मिळतो. दुसरीकडून घेतलात तरी आमची तक्रार नाही, फक्त सील बघून घ्या.

पाणी चार्जिंग झाल्यावर, खुणेपर्यंतच भरा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घालून चार्ज करा, मग खूण गाठा. काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ते वर येऊन सांडतं, आणि पाण्याबरोबर खरोखरचं अ‍ॅसिड बाहेर जातं. शहाबादी फरशीवर ते सांडलं की फसफसतं आणि पांढरा खड्डा पडतो. त्या फरशीची वॉरंटी कोणी देत नाही.

"एक दिवस ठेवून जा" म्हटलं की काही जण रागावतात. दोन मिनिटांत मीटर लावून निकाल देणं आम्हालाही सोपं आहे. पण उतरलेली बॅटरी आणि खराब झालेली बॅटरी मीटरवर सारखीच दिसते. पूर्ण चार्ज करून, थोडा वेळ विसावू देऊन, सहाही सेल वेगवेगळे तपासले की कळतं की एकच सेल गेलाय की सगळेच थकलेत. या तपासणीचे आम्ही पैसे घेतो. नवी बॅटरी आमच्याकडून घेतली तर ते बिलातून वजा करतो आणि जुनी तिच्या वजनावर परत घेतो. जुनी भंगारवाल्याला देऊ नका, तिथे ती फोडतात आणि शिसं आणि अ‍ॅसिड उघड्यावर पडतं.

दर तीन महिन्यांनी आमचा मुलगा घरी येऊन पाणी बघून जाईल, तसं सांगून ठेवा. स्वतः बॅटरी आणणार असाल तर आधी इन्व्हर्टर बंद करा आणि वायरी काढण्यापूर्वी मोबाइलवर त्यांचा फोटो घ्या. परत जोडताना लाल-काळी उलटी लागली, तर तुम्हाला इन्व्हर्टर घेऊनही यावं लागेल.